फाटकापासून चेंबरपर्यंत २३६ मीटर

आमचे कोल्ड स्टोअरेज सांगली-तासगाव रस्त्यावर कवलापूरच्या पुढे आहे. आसपासच्या शेतकऱ्यांचा आणि तासगावात सौदे करणाऱ्या व्यापाऱ्यांचा बेदाणा आमच्याकडे ठेवणीला येतो. फाटकाशी वजनकाटा आणि त्याला लागून दोन खोल्यांचे कार्यालय, आवाराच्या मागच्या टोकाला चेंबरची इमारत, आणि त्या इमारतीच्या दारात आवक-जावक लिहून घेणाऱ्या कारकुनाची काचेची केबिन, अशी मांडणी वडिलांनी जागा घेतली तेव्हापासूनची आहे. कार्यालयात एक संगणक आहे, केबिनमध्ये दुसरा. या दोन संगणकांना जोडण्यासाठी कोणती केबल टाकावी, एवढाच आमचा प्रश्न होता. तो फेब्रुवारीत पडला आणि जुलैमध्ये सुटला. मधल्या काळात आम्ही दोनदा चुकीची केबल टाकली आणि दोन्ही वेळा ती आमच्याच पैशाने काढली.

जोडणीची गरज एका चुकीतून निघाली. चेंबरमधून किती बॉक्स बाहेर पडले, याच्या चिठ्ठ्या हमालाबरोबर फाटकावर येत आणि दिवसातून दोनदा पेनड्राइव्हवरून नोंदी इकडून तिकडे नेल्या जात. एका सकाळी एका लॉटचे साठ बॉक्स चेंबरमधून निघाले. त्यांची नोंद फाटकावरच्या संगणकात यायची होती, तोवर दुपारी कार्यालयाने त्याच लॉटचा पूर्ण मालाचा गेटपास दुसऱ्या खरेदीदाराच्या नावाने फाडला. ट्रक चेंबरच्या दाराशी जाऊन उभा राहिला आणि साठ बॉक्स कमी भरले. शेतकऱ्याची, दलालाची आणि ट्रकवाल्याची समजूत काढण्यात ती संध्याकाळ गेली. अण्णा, म्हणजे आमचे वडील, एवढेच म्हणाले, "चिठ्ठीच्या आधी गाडी पोचत असेल, तर चिठ्ठीचा उपयोग काय?"

पहिली चूक केबल निवडण्याच्याही आधीची, अंतराची होती. नजरेने आम्ही सगळेच शंभर-सव्वाशे मीटर धरत होतो. धाकट्या भावाने मोबाइलवरच्या नकाशावर सरळ रेघ ओढून १६० मीटर काढले. परंतु केबल सरळ रेघेने जात नाही. मध्ये ट्रक वळवण्याची मोकळी जागा आहे, तिच्या पलीकडे अमोनियाच्या यंत्रांची खोली आणि पाण्याचा कूलिंग टॉवर आहे, म्हणून वाट कुंपणाच्या भिंतीलगत काढावी लागते. टेप धरून भिंतीलगत मोजले तेव्हा २०४ मीटर भरले. दोन्ही टोकांना भिंतीवर चढणे, छतातून टेबलापर्यंत उतरणे आणि पुढे कधी तोडून जोडावी लागली तर हाताशी असावी म्हणून ठेवायची वेटोळी, हे सगळे मिळवून आकडा २३६ झाला. हा आकडा आधी हातात असता तर पुढच्या निम्म्या गोष्टी घडल्याच नसत्या. पण टेप आम्ही पहिली केबल टाकून झाल्यावर काढली.

ती पहिली केबल आमच्याकडे कॅमेरे बसवणाऱ्या गृहस्थांनी टाकली. त्यांनी केबलचे ३०५ मीटरचे एक खोके आणले, त्यावर 'कॅट ६' असे, म्हणजे संगणक जोडण्याच्या तांब्याच्या केबलची प्रत, ठळक छापलेले होते. "एवढ्या लांब चालेल का?" असे विचारल्यावर ते म्हणाले, "चालतंय की! मागच्याच महिन्यात एका कारखान्यात अडीचशे मीटरवर कॅमेरा चालवून दिलाय." ते खोटे बोलत नव्हते. कॅमेऱ्यांच्या केबली एकत्र जोडणाऱ्या डब्याला स्विच म्हणतात; अशा काही स्विचना एक जादा बटण असते. ते दाबले की वेग १० मेगाबिटपर्यंत उतरतो आणि त्या बदल्यात अंतर अडीचशे मीटरपर्यंत वाढते. एका कॅमेऱ्याच्या चित्राला तेवढा वेग पुरतो, आणि चित्रातला एखादा तुकडा हरवला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. हिशेबाच्या फाइलमधला तुकडा हरवून चालत नाही, हा फरक त्यांच्याही ध्यानात आला नाही आणि आमच्याही.

पहिल्या दिवशी जोडणीचा हिरवा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. शेवटी त्यांनी दोन्ही संगणकांत वेग १० मेगाबिटवर बांधून ठेवला, तेव्हा दिवा स्थिर झाला. एका संगणकावरून दुसऱ्याला हाक मारून उत्तर येते का पाहण्याची 'पिंग' नावाची आज्ञा असते. तिला प्रत्येक वेळी उत्तर आले आणि आम्ही पैसे चुकते केले. दुसऱ्या दिवसापासून केबिनमधून लॉटचा खातेउतारा उघडला की पडदा मध्येच थिजू लागला. आठवडाभरात हिशेबाचा डेटा दोनदा दुरुस्त करावा लागला. मग भावाने तीच पिंग आज्ञा मोठ्या पुडक्याने चालवून पाहिली. नेहमीची हाक ३२ बाइटची असते. ती १४०० बाइटची केल्यावर शंभरातली अकरा उत्तरे आलीच नाहीत. कारण उघड होते. पुडक्यातला एक बिट जरी चुकला तरी समोरच्या संगणकाचे नेटवर्कचे कार्ड अख्खे पुडके टाकून देते, आणि पुडके जितके लांब तितकी त्यात एखादा बिट चुकण्याची शक्यता जास्त. लहान पुडकी निसटून जात होती आणि आम्ही त्यांच्यावर विसंबलो होतो.

पिळाच्या तांब्याच्या केबलसाठी १०० मीटरची मर्यादा १९९० च्या प्रमाणकापासून चालत आलेली आहे. त्यातले ९० मीटर भिंतीतल्या पक्क्या केबलचे आणि उरलेले १० दोन टोकांच्या मोकळ्या केबलींचे, असा हिशेब धरतात. एकशे एकाव्या मीटरवर काही तुटून पडत नाही. पण या मर्यादेमागचे गणित मी तेव्हा पहिल्यांदा नीट समजून घेतले. कॅट ६ च्या खालच्या प्रतीच्या कॅट ५-ई केबलमध्ये १०० मेगाहर्ट्झच्या लहरीचे १०० मीटरमध्ये सुमारे २२ डेसिबल नुकसान होते. डेसिबलचा आकडा साधा दिसतो, म्हणून फसवतो. २२ डेसिबल म्हणजे निघालेल्या शक्तीचा सुमारे दीडशेवा भाग पोचणे. लांबी दुप्पट केली की डेसिबल दुप्पट होतात, पण पोचणारा भाग दीडशेच्या दीडशेवा, म्हणजे साधारण पंचवीस हजारावा उरतो. त्याच वेळी त्याच केबलच्या शेजारच्या जोडीतून उलट दिशेला जाणारा ताजा, दणकट संकेत वाहत असतो, आणि त्याची कुजबुज या मरगळलेल्या संकेतावर पसरते. चार जोड्यांना वेगवेगळ्या मापाचा पीळ दिलेला असतो तो ही कुजबुज कमी व्हावी म्हणून. पण पिळालाही शेवटी मर्यादा आहे.

मी शिकत असताना महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत टीव्हीच्या केबलसारखी दिसणारी काळी बारीक केबल एका संगणकापासून दुसऱ्यापर्यंत माळेसारखी ओवलेली असे. तिची मर्यादा १८५ मीटर होती, आणि कुणी टोकावरचे ५० ओमचे बूच काढले की अख्खी प्रयोगशाळा बंद पडे. तांब्यातच राहून दोनशेच्या जवळ जाणारी केबल एके काळी सर्रास होती, ही आठवण मला फार दिवस खुणावत राहिली. पण त्या केबलची कार्डे आता मिळत नाहीत आणि तिचा वेगही १० मेगाबिटच होता.

या शोधाशोधीत खोक्यातल्या उरलेल्या केबलचा एक तुकडा मी टेबलावर घेऊन बसलो. बाहेरचे आवरण उतरवले, निळ्या जोडीतली एक तार सोलली आणि ब्लेडची धार हलक्या हाताने तिच्यावरून फिरवली. वरचा तांबूस मुलामा खरवडला गेला आणि खाली चांदीसारखा पांढरा धातू चमकला. अॅल्युमिनियम! बाजारात या केबलला 'सीसीए' म्हणतात. तांब्याचे केवळ कातडे असते. अॅल्युमिनियमची वीज वाहण्याची क्षमता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास असते, शिवाय दोनचार वेळा वाकवली की तार तुटते. पुढे मी दुकानात गेलो की खोके आधी हातांनी उचलून बघू लागलो. शुद्ध तांब्याचे खोके चांगलेच जड लागते. हा तराजू फुकटचा आहे आणि आमच्यासारख्या वजनकाट्यावर आयुष्य काढलेल्या लोकांना तो आधीच सुचायला हवा होता.

दुसरा प्रयत्न त्याच गृहस्थांनी, थोड्या ओशाळलेपणाने, निम्म्या मजुरीत करून दिला. भिंतीलगत साधारण अर्ध्या वाटेवर विहिरीच्या मोटारीची खोली आहे. तिथे एक लहान स्विच ठेवायचा आणि दोन्ही बाजूंना शुद्ध तांब्याची कॅट ६ केबल न्यायची, असे ठरले. एका बाजूला ११२ मीटर भरले आणि दुसऱ्या बाजूला १२४. म्हणजे दोन्ही तुकडे नियमाबाहेरच होते, पण चांगल्या तांब्यावर १०० मेगाबिटची जोडणी स्थिर राहिली, मोठ्या पुडक्यांची शंभरच्या शंभर उत्तरे आली आणि हिशेब सुरळीत चालू लागला. अडचण दुसरीकडून आली. मोटारीच्या खोलीतली वीज शेतीच्या फीडरवरची. ती पाळीने येते आणि पाळीने जाते. ती गेली की मधला स्विच मरायचा आणि दोन्ही टोकांना वीज असूनही जोडणी तुटायची. आम्ही तिथे बॅटरीचा डबा ठेवला. एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत त्या डब्याला हात लावता येत नव्हता. तरीही महिनाभर गाडे चालले, आणि आम्ही विषय संपला असे समजलो.

मे महिन्यात वळीव आला. आमच्या भागात वळवाचा पाऊस कमी आणि कडकडाट जास्त असतो. त्या संध्याकाळी शेजारच्या द्राक्षबागेच्या पलीकडे कुठेतरी वीज पडली; आमच्या आवारात तर झाडाचे पानही जळले नाही. सकाळी कार्यालयातल्या संगणकाचे नेटवर्कचे कार्ड गेलेले होते, केबिनमधल्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा नेटवर्कचा भाग गेलेला होता आणि मोटारीच्या खोलीतल्या स्विचला जळल्याचा वास येत होता. वीजपुरवठ्याच्या बाजूला मात्र एक फ्यूजही उडालेला नव्हता, म्हणजे धक्का केबलमधूनच आला होता.

याचा उलगडा आमच्याकडच्या वायरमननी केला. मी कॅटलॉगमध्ये शोधत होतो ते उत्तर त्यांनी मल्टिमीटरने दहा मिनिटांत दाखवले. फाटकावरचे कार्यालय गावाच्या डीपीवरून वीज घेते. चेंबरच्या इमारतीला स्वतंत्र उच्चदाब जोडणी आहे, तिचा ट्रान्स्फॉर्मर वेगळा, तिची अर्थिंगची पाटी वेगळ्या खड्ड्यात. वायरमननी बंद पडलेल्या केबलच्या दोन्ही तुकड्यांतली तपकिरी तार मोटारीच्या खोलीत एकमेकींना जोडली, कार्यालयाच्या टोकाला ती तिथल्या अर्थिंगला बांधली आणि केबिनमध्ये येऊन तिचे दुसरे टोक व केबिनचे अर्थिंग यांच्यामध्ये मीटर धरला. मीटरने ११ व्होल्ट दाखवले. "आपण दोन्हीकडं शून्य धरतोय, पण दोन्ही शून्यं सारखी न्हाईत," ते म्हणाले. एरवी ११ व्होल्टने काही बिघडत नाही, कारण नेटवर्कच्या प्रत्येक तोंडाशी एक इवलासा ट्रान्स्फॉर्मर असतो आणि तो दीड हजार व्होल्टपर्यंतचा फरक अडवण्याइतका बनवलेला असतो. परंतु वीज जमिनीत शिरते तेव्हा तिच्या जवळची जमीन आणि लांबची जमीन यांच्यात क्षणभर अनेक हजार व्होल्टचा फरक पडतो. दोन लांबच्या इमारतींमध्ये आपण तांब्याची तार टाकली की त्या फरकाला वाट करून दिल्यासारखे होते.

इथे माझा प्रश्नच बदलला. तोपर्यंत मी अंतर आणि वेग या दोन मापांत केबल शोधत होतो. आता तिसरी अट आली, आणि तीच सर्वांत कडक ठरली: या इमारतीतून त्या इमारतीत धातू जाता कामा नये. बिनतारी जोडणीचा विचार त्या अटीत बसत होता आणि आम्ही तो केलाही. पण समोर कूलिंग टॉवरची वाफ, पत्र्याच्या भिंती आणि हंगामात दोन खांबांच्या मध्ये येऊन उभ्या राहणाऱ्या उंच ट्रकांच्या रांगा पाहता खांब बरेच उंच करावे लागले असते, आणि वळवाच्या प्रदेशात उंच लोखंडी खांब उभारण्याची हौस आमच्यात उरली नव्हती. मग राहिली काचेची केबल, म्हणजे ऑप्टिकल फायबर.

फायबर म्हणजे मोठ्या कंपन्यांचे काम, अशी माझी समजूत होती. सांगलीत एका दुकानात गेलो तर दुकानदार हसले. गल्लोगल्ली घरातल्या इंटरनेटसाठी आता काचच येते, त्यामुळे ही केबल ते रोज मीटरने कापून विकतात. त्यांनी दोन गुंडाळ्या पुढे केल्या. एक मल्टिमोड, तिच्या काचेचा गाभा ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दुसरी सिंगलमोड, तिचा गाभा ९ मायक्रॉनचा. दोन्हींचे बाहेरचे काचेचे माप १२५ मायक्रॉनच. मल्टिमोडच्या जाड गाभ्यात प्रकाशाला अनेक वाटांनी जाता येते, त्या वाटांची लांबी सारखी नसते, म्हणून लांब अंतरावर संकेताच्या कडा एकमेकींत मिसळतात. तरीही गिगाबिट वेगाने ती ५५० मीटरपर्यंत पोचवते. आमच्या २३६ मीटरला ती पुरेशी होती. मी ती घेणारही होतो, कारण पुस्तकांत 'कमी अंतराला मल्टिमोड' असेच वाचलेले होते. दुकानदारांनी मला थांबवले आणि व्यवहाराचे उत्तर दिले. सांगली-मिरजेत जोड मारणारी जी मुले आहेत ती सगळी दिवसभर सिंगलमोडवर काम करतात. दोन वर्षांनी रात्री नऊ वाजता केबल तुटली तर सिंगलमोडचा तुकडा आणि जोडणारा माणूस तासाभरात मिळेल, मल्टिमोडसाठी पुण्याकडे बघत बसावे लागेल. शिवाय सिंगलमोड केबल मीटरमागे स्वस्तही होती, कारण तिचा खप जास्त.

तोट्याचा हिशेब मांडला तर तो ऐकायलाही गंमत वाटते. सिंगलमोड काचेत १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे एका किलोमीटरला सुमारे ०.३५ डेसिबल नुकसान होते. आमच्या २३६ मीटरला ते ०.०८ च्या आसपास येते; म्हणजे शंभर भाग प्रकाश निघाला तर अठ्ठ्याण्णव पोचतो. तांब्यात पंचवीस हजारावा भाग पोचवण्यासाठी आम्ही तीन महिने धडपडत होतो.

पुढचा प्रश्न चिलखताचा होता. दुकानदार चिलखती केबलच्या बाजूने होते, कारण आमच्याकडे बेदाण्यामुळे उंदीर-घुशींना तोटा नाही आणि पोलादी पट्टीचे कवच असल्यावर घुशीचे दात चालत नाहीत. पण पोलाद म्हणजे धातूच. ती पट्टी दोन्ही इमारतींत नेऊन सोडली तर आम्ही पुन्हा मे महिन्यात जाऊन उभे राहणार होतो. चिलखत दोन्ही टोकांना अलीकडेच कापून योग्य रीतीने अर्थिंग करणे हा एक मार्ग असतो, परंतु माझा आता कुणाच्या 'योग्य रीतीने' या शब्दांवर विश्वास उरलेला नव्हता. मी बिगरचिलखती केबल मागितली आणि तिचे संरक्षण जमिनीतल्या एचडीपीई प्लॅस्टिकच्या जाड काळ्या पाइपवर सोडले. त्यातही एक खाच निघाली. पहिली बिगरचिलखती केबल कापून पाहिली तर तिच्या कडांना ताण सोसण्यासाठी पोलादाच्या दोन बारीक तारा होत्या. खांबांवरून नेण्याच्या केबलमध्ये तर ती तार बरीच जाड असते. शेवटी तारांच्या जागी फायबरग्लासच्या काड्या असलेली सहा तंतूंची केबल मिळाली. तिच्या नळीत जेली भरलेली होती. ती हवीच, असा आग्रह दुकानदारांचा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीतले जमिनीतले कितीतरी पाइप पाण्याने भरलेले त्यांनी पाहिले होते. कवलापूरच्या बाजूला कृष्णेचे पाणी येत नाही हे खरे, पण काळ्या मातीत पावसाळाभर पाइपमध्ये पाणी साचायला कृष्णा कशाला लागते?

दोन्ही टोकांना विजेचा संकेत प्रकाशात बदलणारे मीडिया कन्व्हर्टर लागतात. त्यातही एका तंतूवर चालणारी जोडी घेतली. एक डबी १३१० नॅनोमीटरवर पाठवते आणि १५५० वर ऐकते, दुसरी नेमके उलट करते. त्यामुळे जाणे-येणे एकाच काचेतून होते आणि पाच तंतू शिल्लक राहतात. दुकानातल्या नोकराने "ऐंशी किलोमीटरचीच न्या, जास्त ताकदीची असते," असा सल्ला दिला होता. तो मानला नाही हे बरे झाले. ८० किलोमीटरच्या डबीचा प्रखर प्रकाश २३६ मीटरवर समोरच्या डबीचे डोळे दिपवतो आणि मग प्रकाश मुद्दाम कमी करणारा अडसर मध्ये बसवावा लागतो. वीस किलोमीटरची जोडी आम्हाला रास्त होती.

जूनचा पहिला पाऊस पडण्याआधी चर खोदायची म्हणून घाई केली. आमची माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे अडीच फूट खोल चर घेऊन तळाला वाळू टाकली. ट्रकच्या वाटेखाली पाइपवर आणखी एक लोखंडी पाइप चढवला. तो जेमतेम वीस फुटांचा आणि दोन्ही इमारतींपासून लांब, म्हणून तिथे धातू चालला. पाइपमधून दोरी ओवण्याची युक्ती भावाने केली. प्लॅस्टिकच्या पिशवीच्या तुकड्याला नायलॉनची सुतळी बांधून तो पाइपच्या एका तोंडात घातला आणि दुसऱ्या तोंडाला कार्यालयातला व्हॅक्यूम क्लीनर लावला. मिनिटभरात पिशवी फडफडत दुसऱ्या टोकाला आली आणि हमालांनी टाळ्या वाजवल्या. सुतळीने दोरी ओढली, दोरीने केबल. ओढताना केबलच्या जाडीच्या वीसपटीहून लहान वळण द्यायचे नाही, हा नियम मी चरीच्या प्रत्येक कोपऱ्यावर उभा राहून पाळून घेतला. काच वाकते, पण ती वाकवताना किती वाकवली हे ती सांगत नाही. पाइपची दोन्ही तोंडे घुशींसाठी सिमेंट आणि काचेचा चुरा यांनी बंद केली. हा अण्णांचा जुना उपाय. हरिपूरला हळदीची पेवे होती तेव्हा त्यांनी घुशींशी बराच सामना केलेला आहे.

जोड मारायला आलेला मुलगा विशीतला होता. त्याने केबिनच्या दाराशी ताडपत्री बांधून आधी वारा अडवला, मग जेली पुसली, तंतूवरचे रंगीत लेपण चिमट्याने ओढून काढले आणि उघडी काच अल्कोहोलच्या फडक्यातून ओढली, तेव्हा बारीक किर्र असा आवाज आला. "हा आवाज आला की स्वच्छ झाली समजायचं," तो म्हणाला. मग छोट्या पात्याखाली टोक सरळ तोडले. तुटलेला केसाएवढा कण त्याने लगेच चिकटपट्टीवर टिपून घेतला, कारण तो बोटात शिरला तर दिसत नाही आणि निघतही नाही. दोन्ही टोके यंत्रात ठेवल्यावर पडद्यावर ती मोठी होऊन समोरासमोर आली, एकमेकांशी जुळली, निळी ठिणगी पडली आणि दोन काचा एक झाल्या. पडद्यावर ०.०२ डेसिबल असा अंदाज उमटला. अण्णा खुर्ची घेऊन हे सगळे पाहत बसले होते. त्यांनी विचारले, "यातनं साठ बॉक्सचा हिशेब जाणार?" मुलगा म्हणाला, "आजोबा, यातनं सगळ्या तासगावचा जाईल."

तो गेला आणि आम्ही डब्या जोडल्या. दोन्हीकडे वीज आली, पण प्रकाशाचा दिवा कुठेच लागेना. अर्धा तास मी केबलला दोष देत होतो. मग दोन्ही डब्यांच्या पाठीवरची चिठ्ठी वाचली तर दोन्हींवर 'ए' लिहिलेले. दोघीही १३१० वर बोलत होत्या आणि १५५० ची वाट पाहत होत्या! दुकानातून 'ए' आणि 'बी' अशी जोडी द्यायला हवी होती. पंधरा किलोमीटर जाऊन एक डबी बदलून आणली. दिवा लागला तेव्हा अंधार पडला होता. १४०० बाइटच्या हजार हाका मारल्या, हजार उत्तरे आली. हे सगळे करून खर्च पहिल्या दोन प्रयत्नांच्या एकत्रित खर्चापेक्षा कमी झाला होता; चरीची मजुरी धरली तर जवळजवळ तेवढाच.

तांबे आम्ही टाकून दिले नाही. कॅट ६ केबलचे तुकडे दोन्ही इमारतींच्या आत, संगणकापासून डबीपर्यंत आणि छपाईयंत्रापर्यंत वापरले. तिथे कुठेही वीस मीटरच्या वर लांबी नाही आणि अर्थिंग एकच आहे. वजनकाट्याचा आकडा संगणकात आणणारी जुन्या पद्धतीची सिरियल तारही होती तिथेच ठेवली, कारण काट्याच्या खोलीपासून संगणक आठ मीटरवर आहे आणि त्या प्रकारच्या तारेला पंधरा मीटरपर्यंत भरवसा धरता येतो. काटा थेट चेंबरच्या संगणकाला जोडावा अशी सूचना आली होती. ती मी मोडून काढली. वजन फाटकावरच्या संगणकात जाते आणि तिथून काचेतून केबिनमध्ये दिसते. सीसीएचे खोके मात्र भंगारात घातले. भंगारवाल्यानेही आधी तार खरवडून पाहिली आणि तांब्याचा भाव द्यायला नकार दिला.

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात दोन वळीव झाले. दुसऱ्या वेळी रस्त्यापलीकडच्या विजेच्या खांबावर वीज पडली आणि कार्यालयातला पंखा, दूरध्वनी आणि एक ट्यूबलाइट गेली. केबिनमधल्या कारकुनाला ते अर्ध्या तासाने समजले, कारण त्याच्या पडद्यावर एवढेच दिसले की फाटकाकडून नवा गेटपास येत नाही.

पाइप कुठून गेला आहे त्याचा कागद मी काम संपल्यावर लगेच काढून घेतला होता: भिंतीपासून किती फुटांवर, कोणत्या कोपऱ्यावर वळण, लोखंडी पाइप कुठून कुठपर्यंत. तो कार्यालयात घड्याळाखाली चिकटवलेला आहे. त्याच डिसेंबरमध्ये सांडपाण्याच्या गटाराचे काम निघाले, तेव्हा जेसीबीचा चालक खाली उतरून आत आला आणि म्हणाला, "अण्णा, हितं काही पुरलंय का?" अण्णांनी घड्याळाखाली बोट दाखवले. त्याने कागद वाचला, बाहेर जाऊन भिंतीपासून पावले मोजली आणि गटाराची चर चार फूट अलीकडून घेतली.